उष्णतेचा आकडा, विजेचा आकडा: ड्रायरचं कोटेशन कसं वाचायचं?

वही-पेन जवळ घेऊन बसा, आज थोडी आकडेमोड आहे. घाबरायचं कारण नाही. जिला गटाच्या कर्जाचं व्याज काढता येतं, तिला हे सहज जमतं.

आपल्या भागातले बरेच गट आता हळद, मसाले, नाचणी, भाज्या वाळवायला ड्रायर घ्यायचा विचार करतायत. समजा, तीन दुकानदारांकडून तीन कोटेशनं आली. लाकडावर चालणाऱ्या ड्रायरवर लिहिलंय, तासाला १५,००० किलोकॅलरी. गॅसवरच्या ड्रायरवर आहे, तासाला ६०,००० बीटीयू. विजेच्या ड्रायरवर आहे, १८ किलोवॉट. यातला मोठा कोणता? आकडा बघून कुणीही म्हणेल, साठ हजारवाला. पण बाजारात एकानं भाव मणाचा सांगितला, दुसऱ्यानं किलोचा आणि तिसऱ्यानं क्विंटलचा, तर आपण आधी सगळं किलोवर आणतो की नाही? इथंही तेच करायचं.

आधी किलोकॅलरी म्हणजे काय ते बघू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. आंघोळीचं १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं असेल, तर १५ गुणिले २०, म्हणजे ३०० किलोकॅलरी. बीटीयू हे इंग्रजांच्या काळचं माप, पौंड आणि फॅरनहाइटवर बेतलेलं. किलोवॉट आपल्या ओळखीचा आहे. एक किलोवॉटचं यंत्र तासभर चाललं की मीटरवर एक युनिट पडतं.

आता लिहून घ्या. एक किलोवॉट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी. एक किलोवॉट म्हणजेच तासाला ३,४१२ बीटीयू. पुन्हा सांगते: ८६० आणि ३,४१२. हजार किलोवॉटचा एक मेगावॉट, म्हणून एक मेगावॉट म्हणजे तासाला ८ लाख ६० हजार किलोकॅलरी.

आता भागाकार करा. १५,००० भागिले ८६०, आले साडेसतराच्या आसपास किलोवॉट. ६०,००० भागिले ३,४१२, तेही साडेसतराच्या आसपास. तिसरा १८. म्हणजे तिन्ही ड्रायर जवळजवळ सारखेच! आता किमतीची तुलना खरी होईल.

पण खरेदी एकदाच होते, जळण रोज लागतं. तेव्हा रोजचा खर्च काढू. ड्रायर सहा तास पूर्ण ताकदीनं चालला, तर साडेसतरा गुणिले सहा, म्हणजे १०५ युनिट उष्णता लागली. विजेवर असेल तर मीटरवर साधारण तेवढीच युनिटं पडतील. लाकडाचा हिशोब असा: एक किलो वाळल्या लाकडात सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. भट्टीतून त्यातल्या शंभरातल्या साठ कामी आल्या असं धरलं, तर ४३ किलोच्या आसपास लाकूड लागेल. गॅस साधारण दहा किलो, म्हणजे व्यवसायाच्या १९ किलोच्या टाकीतला निम्म्याहून जास्त. घरगुती टाकी धंद्याला वापरता येत नाही, हे ध्यानात ठेवा. आता आपापल्या गावचे भाव घाला आणि महिन्याचा खर्च मांडा. विजेचा ड्रायर घ्यायचा असेल, तर मंजूर भारही बघा. १८ किलोवॉट म्हणजे पाच एचपीच्या जवळजवळ पाच मोटारी एकदम चालू केल्यासारखं आहे.

तुम्ही म्हणाल, विजेची उष्णता महाग का पडते? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ८ लाख ६० हजारानं गुणलं, तर तासाला सुमारे २५१ कोटी किलोकॅलरी होतात. पण एवढी वीज काढायला कोळशाची उष्णता त्याच्या साधारण तिप्पट लागते. बाकीची थंड करायच्या पाण्यातून आणि धुराड्यातून निघून जाते. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांतही असंच. एक टन ओल्या बगॅसमध्ये सुमारे अडीच हजार युनिटांएवढी उष्णता असते, पण वीज निघते चारशे-साडेचारशे युनिट. फरक इतकाच की तिथं टर्बाइनमधून निघालेली वाफ रस आटवायला कामी येते. आपल्या गुऱ्हाळात तर चिपाड थेट चुलवाणात जातं आणि उष्णता काहिलीला मिळते, मधे वीज नाहीच. म्हणून आकड्यांनी उष्णतेचा मेगावॉट आणि विजेचा मेगावॉट सारखे असले, तरी एकाच्या जागी दुसरा मिळत नाही.

थंड करणाऱ्या यंत्रांत उलटी गंमत असते. दूध संस्थेच्या कूलरवर किंवा एसीवर टन लिहिलेलं असतं. हे वजन नव्हे. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद. तेवढ्यासाठी एसी वीज मात्र साधारण एक-सव्वा किलोवॉटच खातो, कारण तो उष्णता तयार करत नाही, इथली उचलून बाहेर टाकतो. त्यामुळं टनाचे किलोवॉट करून ते वीजबिलात धरू नका.

तर कोटेशन हातात आलं की दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. एक, हा आकडा तासाचा की दिवसाचा? दोन, हा उष्णतेचा की विजेचा? तीन, जळणातून जाणाऱ्या उष्णतेचा की मालापर्यंत पोचणाऱ्या? तिन्ही उत्तरं कोटेशनवर लिहून, सही-शिक्क्यासह मागा. बोलण्यावर जाऊ नका. कर्जाचा हप्ता सगळ्या जणींच्या नावावर असतो, सचिव ताईच्या एकटीच्या नाही.

पुढच्या बैठकीत ठरावाच्या वहीच्या आतल्या पानावर ८६० आणि ३,४१२ हे दोन आकडे लिहून ठेवा. आणि भागाकार एकीनं करायचा, दुसरीनं तपासायचा, मगच सही करायची.