छतावर हिरवळ, पण आधी वजनाचा हिशेब



उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, मध्यरात्रीही त्यांचं छत तापलेलं असतं. म्हणून 'गच्चीवर माती टाकून बाग करू' ही सूचना आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांना आवडली. मलाही आवडली. पण आधी वजनाचं बोलू या.

हिरव्या छताचे प्रकार तीन. उथळ छतात 6 ते 15 सेंटिमीटरचा थर असतो. त्यात ऑफिसटाइम, पानफुटी अशी कमी पाण्यावर तगणारी रोपं लावतात. भिजल्यावर वजन दर चौरस मीटरला साधारण 60 ते 150 किलो. मध्यम छतावर पुदिना, गवत, लहान झुडपं येतात. वजन 120 ते 200 किलो. खोल छतावर मोठी झुडपं, झाडंही लागतात, पण वजन 180 पासून 500 किलोपर्यंत आणि पुढेही जातं.

हे आकडे कोकोपीट, विटांचा चुरा अशा हलक्या मिश्रणाचे आहेत. साधी माती पावसात भिजली, की नुसत्या 10 सेंटिमीटर थराचं वजन 160 ते 200 किलो होतं. आणि वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक 875 मध्ये चौरस मीटरला सुमारे 150 किलो भार धरलाय. तो माणसांच्या वावरासाठी आहे. मातीचा भार वेगळा मोजावा लागतो.

रचना खालून वर अशी: वॉटरप्रूफिंग, मुळं रोखणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणीचं कापड, मिश्रण आणि मग रोपं. वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीत थोडं पाणी साठवून दोन दिवस गळती बघायची. पाणी जाण्याची तोंडं कायम मोकळी ठेवायची.

मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत 2013 मध्ये कोसळली, 74 माणसं गेली. ती बेकायदा, कच्ची इमारत होती. बागेचा तिथे संबंध नव्हता. पण आपल्यातले किती जण आपल्या स्लॅबची ताकद जाणतात?

मी सॉफ्टवेअरवाला. स्लॅबचा दाखला स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच द्यायचा. म्हणून माझी विनंती: वर्गणीतला पहिला पैसा तपासणीवर खर्च करा. स्लॅब कमजोर निघाला तर आधी दुरुस्ती करू, आणि उन्हासाठी गच्चीला पांढरा रंग देऊ. मजबूत निघाला तर उथळ छतापासून सुरुवात करू आणि मशिदीतलं वजूचं पाणी त्याला देऊ.

झाड लावणं सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या झाडाखाली झोपलेल्या कुटुंबाचा जीव जपणं त्याहून मोठी जबाबदारी आहे.