गाडीचा एसी फिल्टर घरच्या घरी बदलूया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेला विषय. ज्या सख्यांना सभेला येता आले नाही त्यांच्यासाठी बोलल्याप्रमाणे इथे देत आहोत.)



आज अजेंड्यावर कर्जफेड आणि लेखापरीक्षण असे दोन मोठे विषय आहेत, म्हणून अध्यक्षताईंनी मला पंधराच मिनिटं दिलीत. विषयाचं नाव ऐकून मागच्या दोघी-तिघी हसल्या, ते मी बघितलंय. आमच्या दारात सायकल नाही आणि ही पोरगी मोटारीचा फिल्टर बदलायला शिकवते! हसा, हरकत नाही. पण आपल्या प्रभागात कर्ज काढून घेतलेल्या चारचाकी गाड्या आता एक-दोन राहिल्या नाहीत. कुणाची वॅगनआर शाळेच्या मुलांना नेते, कुणाची डिझायर सोलापूरला दवाखान्याच्या फेऱ्या करते, आषाढीला पंढरपूरची भाडी मारते. केंद्र सरकारनेही 2017 साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. जिथे एसटी नीट पोचत नाही त्या गावांसाठी गटातल्या बाईनेच गाडी चालवावी, असा तिचा विचार आहे. म्हणजे गाडी हा बायकांचा धंदा झालाय, शेळीपालनासारखाच.

आता मी गावोगाव फिरते तेव्हा एक गोष्ट सारखी दिसते. आरसी बुक ताईच्या नावावर, हप्ता ताईच्या खात्यातून जातो, डिझेल-पेट्रोलचा हिशोब तिच्याच वहीत. पण गॅरेजचं बिल आलं की ती म्हणते, “मला गाडीतलं काय कळतंय, ह्यांनाच विचारा.” शेळीला ताप आला तर तुम्ही कान धरून सांगता. मग चार-पाच लाखाच्या वस्तूत हात घालायचाच नाही, असं का? इंजिन खोला असं मी म्हणत नाही. ज्याला पान्हासुद्धा लागत नाही, असं एक काम आज सांगते.

गाडीत दोन हवेचे फिल्टर असतात. एक बोनेटखाली, तो इंजिनसाठी. त्याला आज हात लावायचा नाही. दुसरा आत बसणाऱ्या माणसांसाठी. पंखा किंवा एसी लावला की बाहेरची हवा आत ओढली जाते, ती या फिल्टरमधून गाळून येते. त्याला केबिन फिल्टर म्हणतात, गॅरेजवाले एसी फिल्टर म्हणतात. दिसायला घड्या घातलेल्या जाड कागदासारखा, वहीएवढा. पिठाच्या चाळणीचं काम समजा. चाळणीत कोंडा साठला की पीठ पडेनासं होतं, तसंच इथे.

आणि आपल्याकडे कोंड्याला काय कमी? मुरमाचे रस्ते, खडी क्रशरची पांढरी धूळ, उन्हाळ्यात वावटळी. गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याजवळच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते, ती तुम्ही रोज झटकता. तीच काजळी गाडी आत ओढते. शहरात डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर जेवढा टिकतो, तेवढा आपला टिकत नाही.

फिल्टर भरलाय हे ओळखायचं कसं? पंखा चारवर ठेवला तरी हवा येते ती दोनवर ठेवल्यासारखी. आवाज मोठा, वारं कमी. एसी लावल्यावर कुबट वास मारतो. मागे बसलेल्यांना गारवा लागत नाही. ड्रायव्हर म्हणतो गॅस संपला, आणि गॅस भरायला हजार-दोन हजार जातात. गॅस खरंच कमी असू शकतो, पण त्याआधी दोन मिनिटं घालवून फिल्टर बघायला काय जातं?

पावसाळ्यातली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पाऊस चालू, काचा बंद, आत पाच माणसं. सगळ्यांच्या श्वासाची वाफ समोरच्या काचेवर धरते. ड्रायव्हर एका हाताने फडकं फिरवत गाडी चालवतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. ती वाफ घालवायला काचेवर एसीची कोरडी हवा जोरात सोडावी लागते. फिल्टर चोंदलेला असेल तर ती हवा येतच नाही. रात्रीच्या वेळी अडलेल्या बाईला घेऊन निघालात आणि समोरचं दिसत नसेल, तर काय उपयोग त्या गाडीचा? माझ्या मते एसीच्या गारव्यापेक्षा या एका कारणासाठी हे काम शिकावं.

धुळीने ज्यांचा दमा उसळतो, त्यांना तर बंद गाडीतली धूळ चांगलीच जाणवते. तुमच्या गाडीत रोज शाळेची लहान मुलं बसतात, हेही लक्षात असू द्या.

आता एका ताईच्या गाडीचं सांगते. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे आणि तिनेच सांगायला परवानगी दिली. तिच्याकडे वर्षभरातली दोन सर्व्हिसिंगची बिलं होती. दोन्हींवर एसी फिल्टर बदलल्याचे पैसे लावलेले, वर मजुरी वेगळी. तरी पंख्याला वारं नाही. आम्ही दोघींनी तिच्या अंगणात कप्पा उघडला. फिल्टर काढला तर वरच्या बाजूला लिंबाचा पाला, काडीकचरा, आणि एका कोपऱ्यात उंदराने कापूस-चिंध्या आणून चक्क घर केलेलं. लेंड्या होत्या, फिल्टर कुरतडलेला होता. गाडी रात्री गोठ्याशेजारी उभी राहते, तिथे पेंडीची पोती असतात. उंदराला आणखी काय पाहिजे? फिल्टर इतका काळा आणि कडक झाला होता की वर्षभरात त्याला कुणी हात लावला असेल असं वाटेना. मी कुणाला चोर म्हणत नाही. विसरलं असेल, दुसऱ्याच गाडीचं बिल लागलं असेल. पण ताई दुसऱ्या दिवशी दोन्ही बिलं आणि तो फिल्टर पिशवीत घालून स्वतः गॅरेजला गेली. मालकाने एका फिल्टरचे पैसे परत केले. दुसऱ्याचे अजून दिले नाहीत, ती मागते आहे.

तर आता कृती. चावी काढून घ्या, पंखा बंद. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर सामान ठेवायचा कप्पा असतो, त्याला ग्लव्ह बॉक्स म्हणतात. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर अशा बऱ्याच गाड्यांत फिल्टर याच कप्प्याच्या मागे बसवलेला असतो. कप्पा रिकामा करा. कागदपत्रं, देवाचा फोटो, तंबाखूच्या पुड्या, जे निघेल ते बाहेर. कप्पा उघडून त्याच्या दोन्ही बाजूच्या भिंती दोन हातांनी आतल्या बाजूला दाबा. पत्र्याच्या डब्याचं झाकण अडकलं की आपण दोन्हीकडून दाबतो ना, तसं. भिंती दबल्या की अडकवण सुटतं आणि कप्पा खाली लोंबतो. काही गाड्यांत एका बाजूला छोटी दोरी किंवा दांडी अडकवलेली असते, ती आधी अलगद काढायची.

मागे बघा, प्लास्टिकची एक लांबट झाकणी दिसेल. तिला एका किंवा दोन्ही टोकांना चिमटे असतात. चिमटा दाबून झाकणी ओढली की फिल्टरची कडा दिसते. इथे घाई करू नका! झटकन ओढला तर वरचा सगळा कचरा खाली पंख्यात पडतो, मग पंखा लावला की खडखड आवाज. फिल्टर आडवा धरून, सरळ, सावकाश बाहेर घ्यायचा. नाकातोंडाला पदर किंवा स्कार्फ बांधायचा. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घाला. त्या कोरड्या झाडायच्या नाहीत, ओल्या फडक्याने टिपून घ्यायच्या आणि हात साबणाने धुवायचे.

नवा बसवताना एकच गोष्ट चुकते, ती म्हणजे बाजू. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो, सोबत इंग्रजीत ‘एअर फ्लो’ लिहिलेलं असतं. हवा ज्या दिशेने जाते तिकडे बाणाचं टोक. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी घाबरू नये, जुना फिल्टरच सांगतो. त्याची जी बाजू जास्त काळी, तिकडून हवा आत शिरते. नव्या फिल्टरच्या बाणाचं शेपूट त्या बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला आलं पाहिजे. म्हणून जुना काढल्यावर लगेच फेकू नका. वरची बाजू वर ठेवूनच शेजारी ठेवा. मोबाईल असेल तर काढायच्या आधी एक फोटो घ्या.

मग फडक्याने खोबण पुसा, नवा सरकवा, झाकणी बसवा, चिमट्याचा टक आवाज आला पाहिजे. कप्पा परत दाबून लावा. चावी फिरवून पंखा चारवर लावा आणि हात समोर धरून बघा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, पुढच्या वेळी पाच.

दोन सावधगिऱ्या. पिवळ्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. आणि एखादी गोष्ट जोर लावूनही निघत नसेल, तर जोर वाढवू नका. अजून एखादं अडकवण राहिलंय असं समजा. काही गाड्यांत फिल्टरची जागा वेगळी असते, कुठे दोन स्क्रू काढावे लागतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्र असतं, पोराबाळांकडून वाचून घ्या. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनी हा फिल्टर देतच नाही. झाकणी उघडली आणि आत मोकळी खोबण दिसली, तर गॅरेजमध्ये विचारून बसवून घेता येतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न मीच विचारते. धुऊन वापरला तर? नको. कागदी फिल्टर भिजला की त्याचे तंतू सुटतात, आत ओल राहते, बुरशी धरते आणि तोच वास गाडीभर फिरतो. पंक्चरच्या दुकानात हवा मारून घेतात, त्याने बारीक छिद्रं मोठी होतात. हलक्या हाताने बाहेर झटकून महिना-पंधरा दिवस ढकलता येतील, पण बारीक धूळ आतच राहते. धुता येणारे फिल्टरही मिळतात, पण पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच धुवायचे. जुना फिल्टर चुलीत घालू नका, त्यात प्लास्टिकचे धागे असतात.

साधा फिल्टर 200-300 रुपयांपासून मिळतो. काळसर दिसणारा कोळशाचा फिल्टर महाग असतो, तो वासही थोडा धरतो. भाड्याच्या गाडीला साधा वेळेवर बदलला तरी पुष्कळ झालं, असं मला वाटतं. बऱ्याच गाड्यांना वर्षातून एकदा किंवा 10,000 ते 20,000 किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगतात. आपल्या रस्त्यांवर निदान दर तीन महिन्यांनी उघडून बघा. पाडव्याला गाडीची पूजा करताना बघा, गाळप हंगाम संपल्यावर बघा. समोर ट्रॅक्टर किंवा डंपर धूळ उडवत असेल तर आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबा. त्यावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो. धूळ गेली की बंद करा, नाहीतर आतली हवा कोंदट होते आणि काचेवर परत वाफ धरते.

अजून एक. फिल्टर धूळ अडवतो, इंजिनाचा विषारी धूर अडवत नाही. कोळशाचा असला तरी नाही. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत कुणालाही झोपू देऊ नका, विशेषतः लग्नसराईत रात्री थांबलेल्या ड्रायव्हरला.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी हिशोबाच्या वहीत एक पान गाडीला द्या. तारीख, किलोमीटर, फिल्टरची किंमत, कुणी बदलला. जुना भाग परत मागायची सवय लावा. फिल्टर असो, ब्रेकचे पॅड असोत, “जुना दाखवा” एवढं म्हणायला लाजू नका. पैसे तुम्ही देता.

पुढच्या सभेनंतर आपण अंगणात एक गाडी उघडणार आहोत. त्या ताईंनी वॅगनआर आणायचं कबूल केलंय. येताना जुनं फडकं आणि बॅटरी आणा. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी मॉडेल, साल आणि पेट्रोल की डिझेल ते आपल्या गावच्या सीआरपी ताईंकडे शुक्रवारपर्यंत लिहून द्या. दहा-बारा फिल्टर एकदम घेतले तर भावात किती सोडतात, ते मी अकलूजच्या दोन दुकानांत विचारून ठेवते.