धडा पाळीच्या आधी यावा



आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या एका बाईला तुम्ही या शिक्षक-साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने पुस्तकांबद्दल बोलावे असा रिवाज आहे. मीही एका पुस्तकाबद्दलच बोलणार आहे. ते पुस्तक आपल्या प्रत्येक शाळेत आहे आणि त्यातला एक धडा आपल्यापैकी अनेकांनी घाईघाईत उरकलेला आहे.

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मधला तिसरा धडा घ्या: ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’. मानवी प्रजननसंस्था त्यात आहे. अंडाशय, अंडवाहिनी, गर्भाशय, योनी यांची आकृती आहे, ऋतुचक्र आहे. धडा चांगला आहे. पण तो वाचणारी मुलगी पंधरा वर्षांची असते आणि तिची पाळी बहुधा बाराव्या-तेराव्या वर्षी आलेली असते. काहींची त्याहूनही आधी. म्हणजे प्रश्न सहावी-सातवीत उभा राहतो आणि उत्तर दहावीत मिळते. मधली तीन वर्षे तिला कोण शिकवते? शेजारीण, भीती आणि हल्ली हातातला मोबाइल. जी पोरगी आठवीतच शाळा सोडते, तिला तर ते उत्तर कधीच मिळत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे की हा धडा पाळीच्या आधी आला पाहिजे, मुलींना आणि मुलांना दोघांनाही शिकवला पाहिजे आणि तो आपण शिक्षकांनीच शिकवला पाहिजे.

ही मागणी मी वलगावात करते आहे, याला अर्थ आहे. पेढी नदीच्या काठी, याच गावाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांच्या कीर्तनाची रीत तुमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली असेल. बाबा उपदेशाने सुरुवात करत नसत, ते समोरच्यांना प्रश्न विचारत. लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटी आपली समजूत किती पोकळ होती हे लोकांच्याच तोंडून बाहेर येई. आपल्याला हा विषय शिकवायचा तर याहून चांगली पद्धत नाही.

मी वर्गात चिठ्ठ्यांची पेटी ठेवत असे. नाव लिहायचे नाही, फक्त प्रश्न लिहायचा. पेटीतून काय निघे, ऐका. ‘पिशवी आणि पोट एकच असते का?’ ‘पाळीत लोणच्याला हात लागला तर ते खरंच नासते का?’ ‘लघवीची जागा आणि पाळीची जागा एकच का?’ ‘रक्त गेलं तर अंगातलं संपत नाही का?’ ‘माझ्या मायला चार पोरीच झाल्या, तिच्यात काय दोष आहे?’ यातला एकही प्रश्न अश्लील नाही. प्रत्येक प्रश्नामागे भ्यालेले एक लेकरू आहे, आणि प्रत्येकाचे उत्तर दोन-तीन वाक्यांत देता येते.

ती उत्तरे अशी. गर्भाशय ही ओटीपोटात असलेली, स्नायूंची, मिटलेल्या मुठीएवढी पिशवी आहे. अन्न जाते त्या पोटाशी तिचा संबंध नाही. तिच्या दोन्ही बाजूंना अंडाशये असतात. मुलगी जन्मते तेव्हाच त्यांत लाखो अपक्व अंडपेशी असतात. त्यांपैकी जेमतेम चारशे आयुष्यभरात पिकतात, साधारण महिन्याला एक. दर महिन्याला गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही तर ते रक्तासह बाहेर पडते, तीच पाळी. हे रक्त घाण नसते. एका पाळीत सगळे मिळून साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते, तेव्हा अंगातले संपत नाही. मात्र रोज आठ-दहा घड्या बदलाव्या लागत असतील, गाठी पडत असतील, तर दवाखाना गाठायचा. सुरुवातीची दोन-तीन वर्षे पाळी मागे-पुढे होते, त्याने घाबरून जायचे नाही. लघवीची वाट वेगळी, योनिमार्ग वेगळा, शौचाची वाट वेगळी. लोणचे नासते ते ओल्या हाताने आणि ओल्या चमच्याने. आणि मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांच्या शुक्रपेशीतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते. आईकडे द्यायला फक्त एक्स असतो. चार पोरींच्या त्या मायवर कसलाही दोष येत नाही.

हे शेवटचे वाक्य मुलांच्या कानावरही पडले पाहिजे. गर्भलिंग चाचणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, तो कायदा १९८८ सालचा. पण घरात सुनेला बोल लावला जातो तिथे कायदा पोचत नाही. तिथे हे वर्गात शिकलेला मुलगाच पोचू शकतो. म्हणून या तासाला मुलांना मैदानावर पिटाळायची पद्धत आपण बंद करू या. आजचा सातवीतला मुलगा उद्याचा भाऊ, नवरा, बाप, मुख्याध्यापक आणि सरपंच आहे. शाळेच्या संडासात पाणी असावे की नसावे, हे तोच ठरवणार आहे.

हा विषय बाहेरून आला, आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे म्हटले जाते. इतिहास वेगळे सांगतो. आपल्याच वऱ्हाडात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून बायकांच्या माथी मारलेले दोष तपासून पाहिले. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी बाळ झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून ही मुलगी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यासाठी नोकरी गेली, बहिष्कार सोसावा लागला. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि तो कशाबद्दल होता? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण लोक प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायालयात घेतली. आपल्या चिठ्ठ्यांच्या पेटीमागे एवढी मोठी परंपरा उभी आहे.

उत्तर मिळाले नाही तर काय होते, हेही विदर्भानेच जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, दर बाईमागे सरासरी तीनाहून अधिक आजार होते, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८ होत्या. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, पाळीत असह्य दुखते. हे सगळे बाईच्या जन्माचे भोग म्हणून त्या सोसत होत्या. राणीताई संशोधनावर थांबल्या नाहीत. तरुण मुलामुलींसाठी त्यांनी ‘तारुण्यभान’ची शिबिरे सुरू केली. आजार आणि अज्ञान एकाच खाटेवर झोपतात, हे त्यांना तिथे दिसले होते.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. तपासलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यामागे गरिबी होती, खाडा झाला की मुकादमाचा दंड होता, नफेखोरी होती. पण पिशवी काय करते, अंडाशय काय करते, ते काढल्यावर हाडांचे आणि शरीराचे काय होते, हे त्या बायांना कोणी कधी शिकवलेच नव्हते. ज्या अवयवाची ओळखच नाही, त्याच्या बाजूने बाई डॉक्टरला प्रश्न तरी कसा विचारणार?

आपल्या जिल्ह्याकडे या. दिवाळीनंतर कपाशीच्या वेचणीला गेलेली चौदा वर्षांची पोरगी दिवसभर तीच घडी घेऊन वाकलेली असते; वावरात ना आडोसा, ना पाणी. मेळघाटात कमी वयाची बाळंतपणे आपण पाहतो आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. पाळी आली म्हणजे पोर लग्नाला आली, हा समज अजून गेलेला नाही. आपण वर्गात ठामपणे सांगितले पाहिजे: पाळी येणे ही शरीराच्या वाढीची सुरुवात आहे, वाढ पूर्ण झाल्याची खूण नव्हे. कटीची हाडे, रक्त, मन, सगळेच अजून वाढते आहे.

आणखी एक कारण आहे, ते सांगताना जड जाते. ज्या लेकराला आपल्या अवयवांची नावे ठाऊक नाहीत, त्याला आपल्यावर झालेला अत्याचार सांगता येत नाही. २०१२ सालचा पोक्सो कायदा मुलांच्या बाजूने उभा आहे, पण बहुतेकदा तक्रारीची पहिली ओळ लेकराच्याच तोंडून यावी लागते. योनी, स्तन, शिश्न ही नावे नाक-कानासारखी सहजपणे आपण फळ्यावर लिहिली, तर ती ओळ त्याच्या तोंडी येईल.

शिकवल्याने पोरे बिघडतील, ही भीती प्रामाणिक पालकांनाही वाटते. २००७ साली याच भीतीपोटी आपल्या राज्याने शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. जगभरातला अनुभव एकत्र करून युनेस्कोने २०१८ साली मार्गदर्शिका काढली. अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही पालकांना टाळून हा तास घेऊ नये, असेच मी म्हणेन. आधी माता-पालक सभा घ्या, त्याच आकृत्या त्यांना दाखवा, आशाताईंना बोलवा. आया विरोध करतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सभा संपल्यावर त्या मागे थांबतात आणि स्वतःचे प्रश्न विचारतात.

आता मागण्या. राज्याच्या शिक्षण खात्याने आणि बालभारतीने स्त्री-प्रजननसंस्था व पाळी यांचा सोपा, सचित्र धडा सहावीत आणावा. दहावीचा धडा त्यावर उभा राहील. अध्यापक विद्यालयांतल्या प्रशिक्षणात हा तास घेण्याचा सराव सक्तीचा व्हावा, म्हणजे नव्या शिक्षकाचा घसा फळ्यासमोर कोरडा पडणार नाही. जिल्हा परिषदेने प्रत्येक शाळेत मुलींच्या संडासात पाणी, कडी आणि वापरलेल्या घड्या टाकायची सोय करावी. ती नसेल तर आपला धडा पुस्तकातच राहील. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. तिथला दरवाजा कुठे आहे, हे प्रत्येक वर्गाला माहीत असावे.

लेखकांकडे वेगळी मागणी आहे. बारा वर्षांच्या मुलीला वाचता येतील अशा गोष्टी लिहा, आमच्या वऱ्हाडी बोलीत लिहा. त्या गोष्टीतल्या पोरीला पाळी येऊ द्या, पण तिला कोपऱ्यात बसवू नका. तिला खेळू द्या, परीक्षेला जाऊ द्या.

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, परिपत्रकाची वाट पाहू नका. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतील. पहिल्याच महिन्यात सहावीच्या वर्गात एक तास घ्या, एका शिक्षकाने आणि एका शिक्षिकेने मिळून. फळ्यावर आकृती काढा, नावे लिहा, पेटी ठेवा, आणि मुलांमुलींनी जे विचारले त्याचे खरे उत्तर द्या. त्या वर्गातल्या एकाही मुलीला पहिल्या पाळीच्या दिवशी आपण मरतो आहोत असे वाटू नये, एवढी जबाबदारी आपली आहे आणि ती आपल्या आवाक्यातली आहे.