संगणकात छेडलेली तार

छेडलेल्या तारेचा आवाज संगणकावर घडवण्याची विलक्षण सोपी रीत केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने धरले, तर कसेही निवडलेले ४४१ आकडे स्मृतीत भरायचे आणि ओळीने पुन्हापुन्हा वाचायचे. प्रत्येक फेरीत लगतच्या दोन आकड्यांची सरासरी जागेवर ठेवायची. कागदावर हे पटत नाही, पण सुरुवातीची खरखर विरते आणि सुमारे १०० हर्ट्‌झचा स्वर उरतो. आकडे कमी केले की स्वर चढतो. या रीतीची आज्ञावली मायक्रोकंट्रोलरवर चढवून लाकडी पेटीत बटणे, नॉब, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवले की वाद्य वाजू लागते. तंबोऱ्याची जवारी मात्र एवढ्याने साधत नाही. त्यासाठी घोडीला घासणाऱ्या तारेचे गणित वेगळे मांडावे लागते.