मुलाचे वजन आणि आपले भाकीत



मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. तरीही मुलांच्या वजनावर बोलण्याचे धाडस करतो, कारण या बाबतीत माझे एक भाकीत साफ चुकले आहे.

नववीच्या वर्गात दोन मुले होती. दोघेही अंगाने जाड. डॉक्टरांनी दोघांना सल्लाही एकच दिला : गोड व तळलेले कमी, रोज तासभर खेळ, रात्री वेळेवर झोप. एक जिद्दी, रोजचे खाणे वहीत लिहून आणायचा. दुसरा आळशी, सारे हसण्यावारी नेणारा. पहिल्याचे वजन उतरेल, दुसऱ्याचे नाही, असे मी सहशिक्षकांना सांगून मोकळा झालो. वर्षअखेर नेमके उलटे घडले.

घरी जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. जिद्दी मुलाला वेगळे ताट वाढून बाकीचे घर त्याच्यासमोर भजी खात होते. दुसऱ्याच्या अम्मीने साऱ्या घराच्या चहातली साखर कमी केली होती, आणि अब्बा फजरच्या नमाजनंतर त्याला घेऊन कालव्याच्या कडेने चालत होते.

अमेरिकेत लिओनार्ड एपस्टाईन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ ते १२ वर्षांच्या स्थूल मुलांवर हेच तपासले. दहा वर्षांनंतरचा निकाल १९९० साली प्रसिद्ध झाला. पालक व मूल या दोघांनाही प्रोत्साहन दिले, त्या गटात जादा वजनाचे प्रमाण ७.५ टक्क्यांनी घटलेले होते. केवळ मुलावर भर दिला, त्या गटात ते ४.५ टक्क्यांनी वाढलेले होते.

पण सर्व दोष घराचाही नाही. भूक किती लागावी, पोट केव्हा भरल्यासारखे वाटावे, हे पुष्कळसे जन्मजात असते. १२ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन देऊन ६८ आठवडे पाहिले गेले. निकाल २०२२ साली आला. शंभरातील सुमारे ७३ मुलांचे वजन निदान पाच टक्क्यांनी घटले. उरलेल्या २७ जणांचे तेवढे घटले नाही. औषध तेच, मात्रा ठरलेली. त्या २७ मुलांना आपण आळशी म्हणणार काय?

आधी अंदाज बांधण्याचे खात्रीचे साधन डॉक्टरांपाशीही नाही. त्यातल्या त्यात उपयोगी खूण म्हणजे पहिले दोन-तीन महिने. त्या काळात काहीच फरक पडला नाही, तर पुढेही पडण्याचा संभव कमी. अशा वेळी मुलाला रागावू नये, डॉक्टरांकडे जाऊन उपाय बदलून घ्यावा. मात्र फरक म्हणजे केवळ काट्यावरचा आकडा नव्हे. वाढत्या वयाच्या मुलाची उंची वाढली आणि वजन तेवढेच राहिले, तरी ते यशच आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या तक्त्यांत जादा वजनाची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली ठेवली आहे. “अजून कुठे जाड आहे, खात्यापित्या घरचा आहे,” हे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही.

आता माझा कबुलीजबाब. त्या जिद्दी मुलाला मी मैदानावर सर्वांदेखत दोन फेऱ्या जादा मारायला लावीत असे. भले करतो आहे असे वाटे. पुढे कवायतीच्या तासाला त्याचे पोट दुखू लागले आणि वहीही यायची बंद झाली. ती का बंद झाली, हे मी त्याला विचारलेसुद्धा नाही.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, शाळेत मुलांचे वजन वर्गासमोर न घेता स्वतंत्र खोलीत घ्यावे, आकडा मोठ्याने वाचू नये, आणि तो पालकांना समक्ष बोलावून सांगावा. त्या खोलीसाठी पडदा मी माझ्या खर्चाने देईन.