गाव हलते तेव्हा



परमुलखात घर करणारा माणूस आधी पाणी, वाट व बाजार पाहतो. शेजार त्याला मागाहून जमवावा लागतो. किल्लारीकरांना तर चार पावलांवर जाऊनही परमुलूख भेटला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे निजलेल्यांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात सात हजारांहून अधिक माणसे गेली. पुढे ५२ गावे सबंध नव्या जागी वसविली गेली.

नवी घरे भक्कम, रस्ते रुंद व सरळ. परंतु आखणीच्या ओळींत जुने शेजार विखुरले.

औशाचा किल्ला व खरोशाची लेणी याच तालुक्यातली. पाहुणा त्यांनाच इतिहास म्हणतो. आम्ही म्हणतो, चावडी, पार आणि समोरासमोरची दारे हाही इतिहासच होय. मात्र त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. तेव्हा आमचे सांगणे एवढेच: धरणासाठी असो वा भूकंपामुळे, गाव हलवावयाचे झाल्यास नकाशा काढण्यापूर्वी गावातल्या बायाबापड्यांना विचारावे, कोणाचे दार कोणासमोर हवे.