वेग मोजला, वेळापत्रक कोण मोजणार?

(वाहतूक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रस्त्याच्या कडेचा कॅमेरा भरधाव वाहन कसे हेरतो, हे समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय यंत्राचा दिसतो, पण तो मजुरीचाही आहे. तरीही आरंभ यंत्रापासूनच करतो. कारण ज्या यंत्राच्या साक्षीवर आपल्याला दंड होतो, ते यंत्र काय पाहते आणि काय पाहत नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

या यंत्राचा एक जनक मॉरिस गात्सोनिदेस नावाचा डच शर्यतपटू होता. 1953 साली त्याने माँटे कार्लोची मोटारशर्यत जिंकली. वळणावर आपला वेग किती राहतो हे अचूक कळावे, म्हणजे तो आणखी वाढवता येईल, या हेतूने त्याने एक मापनयंत्र तयार केले. रस्त्यावर आडव्या दोन रबरी नळ्या. पहिलीवर चाक आले की घड्याळ सुरू, दुसरीवर आले की बंद. अंतराला वेळेने भागले की वेग मिळाला. वेग वाढवण्यासाठी जन्मलेले हे साधन पुढे वेग रोखणाऱ्या पोलिसांच्या हाती गेले. साधने निर्मात्याच्या हेतूशी बांधलेली राहत नाहीत, एवढेच येथे नोंदवतो.

नळ्यांच्या जागी पुढे रडार आले. त्यामागचे तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लर या शास्त्रज्ञाने 1842 मध्ये मांडले होते. आगगाडी जवळ येताना तिची शिटी चढी ऐकू येते आणि पुढे निघून जाताना उतरती. रडारच्या लहरींचेही तसेच होते. सेकंदाला सुमारे 24 अब्ज कंपनांच्या लहरी वाहनावर आदळून परततात, तेव्हा त्यांची कंपनसंख्या बदललेली असते. वाहन ताशी 100 किलोमीटर वेगाने येत असेल, तर हा फरक सेकंदाला सुमारे साडेचार हजार कंपनांचा भरतो. तो मर्यादेबाहेर गेला की कॅमेऱ्याचा पडदा उघडतो.

यात एक मेख आहे, ती आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी. रडार रस्त्याच्या मधोमध उभे नसते. ते कडेवरून तिरपे पाहते. कोन 20 अंशांचा असेल, तर त्याला दिसणारा वेग खऱ्यापेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी कमी असतो. यंत्र ही तूट आपल्या हिशेबात भरून काढते. पण खांब हलला, बसवणाऱ्याने हयगय केली, आणि प्रत्यक्षातला कोन 15 अंशच राहिला, तर ताशी 80 चे 82 दिसतील. म्हणून यंत्राची वेळोवेळी तपासणी होणे हा केवळ कागदी उपचार नव्हे. इंग्लंडमध्ये यावर एक साधा तोडगा होता. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची आणि रस्त्यावर ठरावीक अंतराने पांढऱ्या रेघा मारून ठेवायच्या. ताशी 72 किलोमीटरने जाणारे वाहन अर्ध्या सेकंदात 10 मीटर सरकते. रेघा मोजून ते कोणालाही पडताळता येते. सामान्य माणसाला तपासता येणारा पुरावा मला यंत्राच्या आकड्यापेक्षा अधिक लोकशाहीचा वाटतो.

इतर प्रकार थोडक्यात सांगतो. कोठे रस्त्याखाली तारांची वेटोळी पुरलेली असतात, तर कोठे प्रकाशाचे अदृश्य झोत क्षणोक्षणी अंतर मोजतात. सरासरी वेगाची पद्धत मात्र वेगळी आहे. दोन कमानींवरचे कॅमेरे क्रमांकाची पाटी वाचतात आणि मधल्या अंतराला लागलेली वेळ पाहतात. जेथे मर्यादा ताशी 80 ची, तेथे 20 किलोमीटरला किमान 15 मिनिटे लागली पाहिजेत; 12 मिनिटांत पोचलेल्याचा सरासरी वेग 100 ठरतो. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबायचा, ही युक्ती येथे चालत नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची साखळी चलने पाठवू लागली, हे आपल्यापैकी अनेकांनी खिशातून अनुभवले आहे.

या चलनांना सरकारी लूट म्हणणारे साथी आपल्यात आहेत. मला ते मान्य नाही. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत 32,825 पादचारी होते. रस्त्याने पायी कोण चालते, हे या सभेला सांगायला नको. वेग ताशी 60 वरून 80 वर गेला, तर धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते, आणि ती ज्याच्या अंगावर येते त्याच्याभोवती पत्राही नसतो. शिवाय कॅमेरा गाडी बाजूला घ्यायला लावून हात पुढे करत नाही, हाही चालकाच्या दृष्टीने लहान लाभ नव्हे.

माझा आक्षेप निराळा आहे. कॅमेरा वाहन पाहतो, पाटी वाचतो, क्षण नोंदवतो. त्या क्षणामागचा हुकूम त्याला दिसत नाही. समजा, नाशकाकडून वाशीच्या बाजारात माल न्यायचा आहे. अंतर धरा 180 किलोमीटर. भरणी रात्री अकराला व्हायची, ती एकला झाली. मालकाचा निरोप मात्र तोच: साडेतीनला गेटवर गाडी लागली पाहिजे. अडीच तासांत 180 किलोमीटर म्हणजे सरासरी ताशी 72. वाटेत कसारा घाट, टोलनाका, एखादा चहा. ही सरासरी राखायची तर मोकळ्या रस्त्यावर 80 ची मर्यादा मोडावीच लागते. कॅमेऱ्याने टिपलेला गुन्हा रस्त्यावर घडला. पण तो ठरला होता गोदामात. नोटीस मालकाच्या पत्त्यावर जाते आणि रक्कम अनेकदा चालकाच्या भत्त्यातून वळती होते.

कायदा येथे कॅमेऱ्याइतका आंधळा नाही, हे फार थोड्यांना माहीत आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 183 काढून वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते केवळ चालकाला नव्हे, तर आपल्या नोकराला किंवा ताब्यातील माणसाला मर्यादेपलीकडे वाहन चालवायला लावणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवते. हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये, मध्यम आणि अवजड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये दंड. त्याच कलमाचे चौथे उपकलम त्याहून महत्त्वाचे आहे. मर्यादा मोडल्याशिवाय जो प्रवास ठरल्या वेळेत पुरा होणे व्यवहार्य नाही असे न्यायालयाला वाटेल, त्याचे वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा आदेश देणे हाच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल, असे ते सांगते. तिसरे उपकलमही आपल्या उपयोगाचे आहे: यंत्राच्या मोजमापाचा आधार नसेल, तर एकट्या साक्षीदाराच्या नुसत्या मतावर वेगाबद्दल शिक्षा होत नाही.

दहा मिनिटांत सामान घरपोच, अशा जाहिराती आपण शहरांतून पाहिल्या. आमचे गोदाम गल्लीतच आहे, असे कंपन्या म्हणतील. कोठे कोठे ते खरेही असेल. पण दुचाकीवरचा मुलगा कोणाच्या ताब्यात आहे, याचे उत्तर त्यांना एकदा न्यायालयात द्यावे लागले पाहिजे.

आता कामाचे बोलू. ऑगस्ट 2021 च्या केंद्रीय नियमांनी कॅमेरा यंत्रांसाठी मान्यतेचे प्रमाणपत्र, त्याचे दरवर्षी नूतनीकरण आणि रस्त्यावर इशाऱ्याची पाटी आवश्यक केली. चलन आले की प्रमाणपत्राची चौकशी करा. आणि संघटनेच्या कार्यालयात चलने चालकाच्या नावाप्रमाणे लावू नका. मालक, मार्ग आणि सुटण्याची वेळ यांप्रमाणे लावा. एकाच मालकाच्या, एकाच मार्गावरच्या, एकाच प्रहरी सुटणाऱ्या गाड्यांवर निरनिराळ्या दहा चालकांची चलने आढळली, तर दहाही जण एकदम बेफाम झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्यासोबत त्या रात्रीचे फोनवरचे निरोप, भरणीची वेळ लिहिलेली बिल्टी आणि गेटची पावती जोडून ठेवा. निरोप पुसून टाकू नका. मालकाने सांगितले तरी नको.